शाळेतले सण: पालकांनी खुर्चीवर बसायचं की कामाला लागायचं?

पाटीपेन्सिल
मंडळी, सल्ला हवाय म्हणून धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

सातारा जिल्ह्यातलं आमचं लहान गाव, जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा, शिक्षक दोन. यंदा शाळा व्यवस्थापन समितीत पालकांमधून माझं नाव गेलंय. पहिल्याच बैठकीत वर्षभराचे सण आणि कार्यक्रम ठरवायचेत. मला तिथे नुसती मान डोलवायची नाहीये.

गेल्या आषाढीची दिंडी सांगते. विठ्ठल-रखुमाईचे कपडे तालुक्याहून भाड्याने आणलेले. पुढे टेम्पोवर स्पीकर, त्यावर अभंग. पोरांच्या गळ्यात टाळ होते, पण स्पीकरपुढे ते ऐकू कुणाला जाणार? शाळेच्या फाटकापासून चावडीपर्यंत वाजवले, मग सोडून दिले. दर दहा पावलांवर दिंडी थांबायची, कारण कुणाला ना कुणाला फोटो हवा असायचा. रखुमाई झालेली दुसरीतली पोर नऊवारी सावरता सावरता रडकुंडीला आली. देवळात पोचल्यावर सत्कार: स्पीकर देणारे, खाऊ देणारे, टेम्पो देणारे, आजी-माजी सरपंच. पोरं ओल्या फरशीवर बसून शाली मोजत होती.

त्याच शाळेत जानेवारीत भोगी झाली. बाईंनी निरोप दिला, पैसे पाठवू नका, रानात जे असेल ते मूठभर पाठवा. घेवडा आला, काटेरी वांगी आली, गाजरं, ओल्या हरभऱ्याचे डहाळे, उसाची कांडकी. ज्यांना शेत नाही त्यांच्या पोरांनी बांधावरची बोरं आणली आणि ती सगळ्यात आधी संपली. पोरं वर्तुळात बसून घाटे सोलत होती, बोटांना लागलेली आंब चाटत होती. पहिलीतल्या एका पोराच्या आजीने बाजरीच्या भाकरीवर ओल्या बोटांनी तीळ कसे दाबायचे ते दाखवलं, मग चौथीच्या पोरांनी तिच्या हातातून भाकरी ओढूनच घेतली. वाकड्यातिकड्या झाल्या, काही चुलीत पडल्या. बाप्यांनी दगड आणून चुली मांडल्या. माझ्या फोनमध्ये त्या दिवसाचा एकच फोटो आहे, कारण सगळ्यांचे हात पिठात होते.

म्हणून मला वाटतं, सण कुठला याच्यापेक्षा त्यात पोरांच्या हाताला काम किती, हे बघावं. तुमच्या शाळांमध्ये काय चालतं? पालक काय करतात? वर्गणीचं कसं? मनमोकळं लिहा.

रात्रीचे_दहा
तुमच्या शाळेत निदान निरोप आधी येतो ताई. आमच्याकडे (ठाणे, इंग्रजी माध्यम) रात्री दहाला ग्रुपवर मेसेज पडतो: "डिअर पेरेंट्स, उद्या मुलांना संतांच्या वेशभूषेत पाठवावे." उद्या! मी आठ पन्नासच्या लोकलने घरी आलेली, नवरा सेकंड शिफ्टला. मग ओढणीचा फेटा, आयलायनरचा टिळा. सोसायटीत त्या रात्री चार तुकाराम आणि तीन ज्ञानेश्वर तयार होत होते, आणि एकाच्याही आईला विचारलं असतं तर तिने संतांच्या नावे शिव्याच घातल्या असत्या. (दिवे घ्या, म्हणजे गंमतीत घ्या.)

नवरात्रात रोज वेगळा रंग, दिवाळीला आकाशकंदील "मुलाने स्वतः केलेला", जो वर्गातल्या निम्म्या मुलांचा दुकानातून आलेला असतो, नाताळला लाल कपडे. माझ्या मुलाला विचारलं भोंडला म्हणजे काय, तर म्हणाला, येलो डे.

खडू_आणि_डस्टर
ताई, मी शिक्षक आहे, जिल्हा परिषदेचाच, जिल्हा सांगत नाही. टेबलाच्या पलीकडची बाजू पण ऐका.

तुम्ही दोन शिक्षक म्हणालात. त्यातला एक मुख्याध्यापकाचा चार्ज सांभाळतो, म्हणजे महिन्यातले बरेच दिवस केंद्रावर नाहीतर माहिती भरण्यात. उरलेल्या एकाकडे चार वर्ग. वर्षाचे दिनविशेष बघा: ३ जानेवारी सावित्रीबाई, १२ जानेवारी जिजाऊ, २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन, २६ नोव्हेंबर संविधान दिन. सप्ताह आणि पंधरवडे वेगळेच. प्रत्येकाचं पत्र येतं आणि पत्राखाली एक ओळ असते: कार्यक्रमाचे फोटो व अहवाल सादर करावा. पाडव्याला आम्ही "गुढीपाडवा, पट वाढवा" म्हणून घरोघर फिरतो, त्याचेही फोटो.

तर दर दहा पावलांवर थांबणारी दिंडी नुसती आयांमुळे थांबत नाही. त्यातले दोन थांबे माझ्यासारख्याचे असतात. बॅनर दिसला पाहिजे, मुलं दिसली पाहिजेत, तारीख दिसली पाहिजे.

पण भोगीचं वाचून बरं वाटलं. आमच्याकडे अशी एक गोष्ट जमली ती आठवडे बाजाराची. मुलांनी घरची भाजी आणून शाळेच्या पटांगणात दुकानं मांडायची, गिऱ्हाईक म्हणून गाव. पहिल्या वर्षी आयांनीच मागे बसून भाव सांगितले. दुसऱ्या वर्षी आम्ही पालकांना रेघेच्या पलीकडे उभं केलं. एका पोराने मेथीची जुडी पाचला विकली, बापाने रेघेपलीकडून ओरडून सांगितलं "दहा! दहा!", पण पोरगं ऐकेना, कारण शेजारच्याने पाचलाच लावली होती. त्याला स्पर्धा कळली. बापाला अजून कळायचीय.

सरळरेघ
थोडा विरोधी सूर लावतो. शाळेत शिकवायला पाठवतो की सण करायला? चौथीच्या मुलाला तिसरीचं पुस्तक धड वाचता येत नाही, वजाबाकी हातच्यावर अडकते. सण घरी आहेत, गावात आहेत, देवळात आहेत. शाळा ही एक तरी जागा अशी असावी जिथे फक्त अभ्यास होतो. भोगी छान झाली असेल, पण त्या दिवशी गणिताचा तास बुडालाच ना?

खडू_आणि_डस्टर
सरळरेघ, आमच्या बाजारात पोरं सुट्टे परत देत होती. पन्नासच्या नोटेतून सतरा वजा करायचे आणि गिऱ्हाईक डोक्यावर उभं. हातचा काय असतो हे तिथे जेवढ्या लवकर कळतं तेवढं माझ्या फळ्यावर कळत नाही, हे मी कबूल करतो. पण तुमचा मुद्दा पूर्ण उडवून लावणार नाही. दिंडीच्या तयारीत आठवडाभर नाच बसवला जातो, तेव्हा तास बुडतातच, आणि तो नाचही टीव्हीवरच्यासारखा. तिथे मी तुमच्या बाजूने.

नागपुरी_संत्रं
धागा आवडला. इकडे विदर्भात शाळेचा सगळ्यात मोठा सण म्हणजे तान्हा पोळा. पिठोरी अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा, दुसऱ्या दिवशी पोरांचा. लाकडी बैल, चाकं लावलेले, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला आहे म्हणतात. पोरं बैल घेऊन दारोदार जातात आणि बोजारा मागतात, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे.

आमच्या लहानपणी बैल सुताराकडचा असायचा, वर्षानुवर्षं तोच, दरवर्षी नुसता रंग नवा. मोठ्या भावाकडून धाकट्याकडे यायचा. आता बैल सजावट स्पर्धा, आणि बक्षीस कुणाला? ज्याच्या बैलाला लाइटिंग! एका शाळेत मी बॅटरीवर चालणारा, मान हलवणारा बैल बघितला. परीक्षक म्हणून बोलावलं होतं. मी पहिला नंबर एका मुलीला दिला, तिचा बैल खोक्याचा होता, शेपटीला तिने मक्याचं कणीस सोलून त्याचे केस लावले होते. बॅटरीवाल्याचे वडील अजून माझ्याशी बोलत नाहीत.

अवांतर: आमच्याकडे भोंडला नाही, भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. शेवटी खिरापत ओळखायची. शाळेत केला तर मुलींपुरता ठेवू नका, पोरांना खिरापत ओळखायला बसवा, फार मजा येते. डबा हलवून, वास घेऊन, तरी चुकतात.

अण्णा_७२
निवृत्त शिक्षक आहे. "आमच्या वेळी" म्हटलं की तरुण मंडळी पळतात, म्हणून आमच्या वेळचं नंतर.

शाळेने ऋतूंचे उत्सव करावेत हा विचार आपल्या देशात फार गंभीरपणे झालेला आहे. रवींद्रनाथांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात शाळा काढली. तिथे वसंतोत्सव, वर्षामंगल, पौषमेळा हे वर्षाचे टप्पेच झाले. १९२८ मध्ये त्यांनी वृक्षारोपणाचा उत्सव सुरू केला आणि त्याच वर्षी शेजारच्या श्रीनिकेतनात हलकर्षण, म्हणजे नांगर धरण्याचा. झाड लावताना मुलं नटूनथटून, गात, रोपाला मिरवत आणत. आपल्याकडे ५ जूनला मंत्री कुदळ धरतात आणि खड्डा आधीच खणलेला असतो, त्याची आठवण झाली.

आणि आपल्या घरातलं उदाहरण म्हणजे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, पुढे काम कोसबाडला गेलं. आदिवासी पोरं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरं राखायला जातात. मग शाळाच कुरणात नेली, तिला कुरणशाळा म्हणत. पाड्यावर अंगणात भरली ती अंगणवाडी. मुलं शाळेच्या वेळापत्रकात बसत नसतील तर शाळेने मुलांच्या दिवसात बसायचं, असा तो हिशेब होता. सणांना मी हाच हिशेब लावतो. गावात ज्या आठवड्यात सुगी चालू आहे त्या आठवड्यात शाळेत परिपत्रकाचा दिवस साजरा होतो आणि सुगीचं नावही निघत नाही, हे काही बरोबर नाही.

आमच्या वेळी शाळेत नागपंचमीला झाडाला झोके बांधायचे. आता झाड आहे, पण फांदीचा भार कोण घेणार म्हणून झोका नाही. जबाबदारीची भीती मी समजू शकतो.

रात्रीचे_दहा
अण्णा, पळाले नाही, वाचलं सगळं. :)

शीरखुर्मा
मी सांगली जिल्ह्यातली, माझी दोन मुलं मराठी शाळेत. लिहू की नको असा विचार करत होते.

दिंडीत माझी मुलगी तुळस डोक्यावर घेऊन चालली, मीच तिला पातळ नेसवलं. भोंडल्यात फुगड्या घालते, गाणी तिला माझ्यापेक्षा चांगली येतात. आम्हाला त्यात काही जड नाही. आमच्याकडच्या गावांत पीर आणि पंजे सगळे मिळूनच करतात, कडेगावचा मोहरम तर तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल, उंच ताबुतांच्या भेटी बघायला सगळा मुलूख लोटतो, आणि ताबुतांचे मानकरी हिंदूही असतात.

फक्त एक सांगते. शाळेच्या बैठकीत आम्हाला कधी कुणी विचारलं नाही की तुमच्या घरी काय करता, मुलांना दाखवाल का. "ईदच्या शुभेच्छा" असा फोटो ग्रुपवर येतो, तेवढंच. एकदा बाईंना मीच म्हटलं, शीरखुर्मा करून आणते. तर बाई म्हणाल्या, आणा की! मग घरून डबे नेण्याऐवजी शाळेतच केला. मुलांनी खारका भिजवून चिरल्या, शेवया हाताने मोडल्या. सगळ्यांना एकच प्रश्न, ही ईद पुढच्या वर्षी पण याच तारखेला का नाही? मग बाईंनी फळ्यावर चंद्र काढून सांगितलं की चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असतं, म्हणून ईद मागे मागे सरकते, कधी उन्हाळ्यात येते, कधी पावसाळ्यात. आपल्याकडे अधिक महिना घालून सण ऋतूत परत आणतात, तिकडे घालत नाहीत. हे मला पण तेव्हाच नीट कळलं.

तर पाटीपेन्सिल ताई, बैठकीत एवढं करा. न येणाऱ्यांची नावं घेऊन विचारा. फक्त शेख-मुलाणी नाही, ऊसतोडीला जाणारे, मेंढरं घेऊन फिरणारे, त्यांच्याकडे पण काहीतरी असतं.

पाटीपेन्सिल
शीरखुर्मा ताई, बरं झालं लिहिलंत. आमच्या वस्तीवर धनगरांची पाच-सहा घरं आहेत, त्यांची मुलं दिवाळीनंतर निम्मी गैरहजर असतात. गजीनृत्य त्यांच्या घरात आहे आणि आम्ही स्नेहसंमेलनाला बाहेरून डान्सवाला मास्तर आणला होता!

वर्गणीबद्दल कुणीच काही लिहिलं नाही अजून.

खडू_आणि_डस्टर
लिहितो. लोकसहभागाने शाळा उभ्या राहतात हे खरं. रंगरंगोटी, टीव्ही, पंखे, कुंपण, गावोगाव पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्यांनी दिलंय. पण सणाला रोख वर्गणी नको, हा माझा अनुभवाचा सल्ला. पन्नास रुपये म्हटले की दहा घरं गप्प बसतात आणि त्यांची पोरं त्या दिवशी "पोट दुखतंय" म्हणून घरी राहतात. वस्तू मागा, किंवा हात मागा.

जेवणाचं म्हणाल तर पोषण आहारातच सोय आहे. सणाला, वाढदिवसाला गावातल्या कुणी मुलांना जेवण द्यावं याला देशभर तिथिभोजन म्हणतात, महाराष्ट्रात स्नेहभोजन. शाळेतल्या मुलांना शाळेतच, नेहमीच्या जेवणाला जोड म्हणून. त्यात गोड पदार्थाबरोबर फळ, उसळ देता येते. फक्त शिजवणाऱ्या ताईंना आधी सांगा, त्यांच्यावर आयत्या वेळी लादू नका. आणि मुलांच्या आधी मोठ्यांनी चव घेऊन वहीत नोंद करायची असते ती करा. सणाच्या गडबडीत नेमकी तीच राहते.

माटोळी
गोंयांतसून नमस्कार. थोडा उशिरा आलो, पण हा विषय आमच्या काळजाजवळचा.

चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात ती माटोळी. तिला त्या दिवसांत रानात, कुळागरात (सुपारीच्या बागेत) जे पिकलेलं असेल ते बांधायचं: सुपारीचा कातरा, नारळाची पेंड, तोरिंग, निरफणस, आंबाडे, कांगलां, घागऱ्यो, कवंडळां. कवंडळ दिसायला लालभडक, पोरांना हमखास तोंडात घालावंसं वाटतं, पण खायचं नसतं, हे पहिल्याच दिवशी बजावून सांगावं लागतं. राज्याचं कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेतं, तिथे लोक एकेक दुर्मीळ फळ शोधून आणतात. आणि ज्यांना रानात जायला होत नाही त्यांच्यासाठी म्हापसा, फोंडा इथे चवथीच्या आधी माटोळीचा बाजार भरतो.

आमच्या वाड्यावरच्या प्राथमिक शाळेत चवथीच्या सुट्टीआधी बाई प्रत्येक मुलाला एक वस्तू आणायला लावतात. दोन अटी. विकत घ्यायची नाही, आणि ती कुठल्या जाग्यावर मिळाली ते सांगता आलं पाहिजे. मग पोरं आजोबांच्या मागे लागतात. आजोबा गुडघे धरून का होईना डोंगराला जातात. वर्गात प्रत्येकजण उठून सांगतो: "हें कांगल, आमच्या विहिरीच्या मागल्या वयल्या कुंपणार." एका वर्षी एका मुलाने सांगितलं, मागच्या वर्षी जिथे घागऱ्यो होत्या तिथे आता बंगल्याचं काम चालू आहे, म्हणून आणल्या नाहीत. बाईंनी त्याचं नाव पण यादीत घातलं, वस्तूच्या रकान्यात रेघ मारून.

पालकांचं काम काय? आजोबांना सोबत करणं आणि सापांकडे लक्ष ठेवणं. बाकी काही नाही.

सरळरेघ
माटोळीची यादी वाचून एवढं म्हणतो की हा परिसर अभ्यासाचा तास झाला, त्याला माझी हरकत नाही. माझा राग कपड्यांवर आणि सत्कारांवर आहे.

नागपुरी_संत्रं
म्हणजे आता रेघ थोडी वाकली म्हणायची? :)

सरळरेघ
वाकली नाही. अंडरलाइन केली.

राइनकाठी
जर्मनीतून लिहितेय, कोलोनच्या जवळ राहतो. मुलगी बालवाडीत. इथे ११ नोव्हेंबरच्या आसपास संत मार्टिनचा कंदील असतो. त्या दिवसांत पाच वाजताच अंधार पडतो. मुलं कागदी कंदील काठीला लावून रस्त्याने गात फिरतात, पुढे घोड्यावर लाल झग्यात मार्टिन झालेला कुणीतरी, आणि शेवटी शेकोटीपाशी त्याने आपला झगा कापून भिकाऱ्याला अर्धा दिला तो प्रसंग करून दाखवतात. मग माणसाच्या आकाराचा गोडसर पाव मिळतो, वेकमान, त्याच्या हातात पांढरा मातीचा पाइप!

पालकांचं सांगते, कारण तोच प्रश्न आहे. ऑक्टोबरात एक संध्याकाळ पालकांना बालवाडीत बोलावतात, कंदील करायला. बुटक्या खुर्च्यांवर गुडघे कानाशी घेऊन सगळे बापे टिश्यू पेपर चिकटवत बसतात. दाराशी कागद लावलेला असतो: गरम सरबत कोण आणणार, शेकोटीची लाकडं कोण, शेवटी आवरायला कोण. प्रत्येकाने समोर नाव लिहायचं. पेले घरून आणायचे. रस्ता अडवायला गावचं स्वयंसेवक अग्निशमन दल येतं. भाषण नाही, सत्कार नाही. त्या कागदावर "आवरायला" हा रकाना सगळ्यात शेवटी भरतो, ते मात्र जगभर सारखंच असावं.

आमचा कंदील आम्ही आकाशकंदीलच केला, षट्कोनी, खाली झिरमिळ्या लावून. दिवाळी त्याच सुमारास असते, सामान घरात होतंच. पुढच्या वर्षी दोघा आयांनी तसाच शिकवा म्हणून बोलावलं.

रात्रीचे_दहा
राइनकाठी, तो दाराशी लावायचा कागद मी चोरतेय. पालकसभेत मांडते: एक, निरोप आठ दिवस आधी. दोन, वेशभूषा बंद, त्याऐवजी एक वस्तू किंवा एक तास. माझ्याकडे शनिवारी दोन तास असतात, ते मी आनंदाने देईन. रात्री दहानंतरचे नाही.

पाटीपेन्सिल
बैठक झाली, म्हणून धागा वर काढतेय.

सगळं मनासारखं झालं असं नाही. दिंडीतला टेम्पो काढून टाकू या म्हटल्यावर टेम्पोवाल्यांनाच वाईट वाटलं, ते समितीत आहेत. शेवटी टेम्पो राहिला, स्पीकर गेला. टेम्पोत पाण्याचे जार आणि दमलेली पोरं. गावातले भजनी मंडळातले दोन आजोबा आधी आठ दिवस रोज मधल्या सुट्टीत येऊन पोरांना टाळ धरायला शिकवणार. वेश कुणी करायचा नाही, शाळेच्याच कपड्यांत, फक्त तुळस आणि पताका. हे दोन आयांना अजिबात पटलेलं नाही, त्यांनी कपड्यांचं बुकिंग आधीच केलं होतं. बघू.

सत्कारावर मात्र माझं काही चाललं नाही. "दोनच होतील" असं ठरलंय. म्हणजे पाच होतील.

फोटोचं गुरुजींनीच सुचवलं: सुरुवातीला एकदा बॅनर धरून काढायचा, मग फोन खिशात. गजीनृत्यासाठी वस्तीवर बाई आणि मी जाऊन आलो. त्यांनी चहा दिला, हो म्हणाले, पण स्नेहसंमेलन मेंढरं बाहेर पडायच्या आधी ठेवा म्हणाले. तारीख बदलतेय.

आणि नागपुरी_संत्रं, तुमच्यामुळे एक नवीन निघालं. आमच्याकडे पोळा नाही, बेंदूर असतो, आषाढात. घरोघर मातीचे बैल पूजतात, हल्ली तयार रंगवलेले आणतात. समितीतले एक मामा कुंभार आहेत, ते म्हणाले, शाळेत येतो, पोरांकडूनच करून घेतो. ते माती बघायचं म्हणून लगेच तळ्याकडे गेलेसुद्धा. पण भाजायला वेळ नाही, नुसते वाळवायचेत, आणि पावसाचे दिवस. तडकतील का? कुणाला अनुभव?

माटोळी
तडकतात. चिकणमाती एकटी वापरू नका, थोडी बारीक वाळू मिसळा. चाळून रात्रभर भिजत घाला, सकाळी तुडवून घ्या. पोरांना तुडवायला लावा, सांगावं लागणार नाही.

खडू_आणि_डस्टर
उन्हात ठेवू नका, वर्गात सावलीत वाळवा, ओलं फडकं घालून हळूहळू. बैल मोठा करू देऊ नका, मुठीएवढाच. पोरं हत्तीएवढा करायला जातात.

नागपुरी_संत्रं
पाय जाड ठेवा आणि पोटात काडी घाला. शिंगं वरून चिकटवलेली गळतात, डोक्याच्या मातीतूनच ओढून काढायला सांगा. आणि वशिंड! आमच्या शहरातली पोरं वशिंड हमखास विसरतात, मग शिंगं असलेला कुत्रा तयार होतो.